फुकट ‘फोर वन वन’: नंबर सांगण्याआधीच्या जाहिरातीचं गणित

अमेरिकेत एखाद्या दुकानाचा किंवा माणसाचा फोन नंबर हवा असेल तर ४११ फिरवायचा, शहर आणि नाव सांगायचं आणि नंबर मिळवायचा, ही जुनी पद्धत. फोन कंपन्या ही सेवा बराच काळ वेगळे पैसे न घेता देत होत्या. खर्च सगळ्यांच्या मासिक भाड्यात मिसळलेला असे. १९७४ मध्ये सिनसिनाटी बेल या कंपनीने ठरावीक फुकट कॉल सोडून पुढच्या प्रत्येक चौकशीला २० सेंट आकारायला सुरुवात केली आणि चौकशीचे कॉल धाडकन खाली आले. शेजारी नंबरांची छापील निर्देशिका पडलेली असतानाही लोक आळसाने ऑपरेटरला विचारत होते, हे त्यातून दिसलं. मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. मोबाइल आल्यावर दर आणखी चढले आणि २००५ च्या सुमाराला एका चौकशीला एक डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागत. दर कॉल करताना कोणी सांगत नसे, तो महिनाअखेरीला बिलात उगवायचा.

या चढ्या दरामुळेच फुकट सेवेला जागा झाली. २००५ मध्ये जिंगल नेटवर्क्स या कंपनीने ‘१-८००-फ्री-४११’ सुरू केली. अमेरिकन फोनच्या बटणांवर अंकांसोबत इंग्रजी अक्षरं असतात. ‘फ्री’ या शब्दाची चार अक्षरं दाबली की ३७३३ होतं, पुढे ४११ लावला की सात अंकी नंबर तयार. लक्षात ठेवायला सोपा, फिरवायला फुकट, आणि बदल्यात साधारण १०-१२ सेकंदांच्या एक-दोन जाहिराती ऐकायच्या.

पण त्या जाहिराती टीव्हीवरच्यासारख्या सगळ्यांना सारख्या ऐकवल्या जात नाहीत. तुम्ही काय मागितलं ते कळल्यावर त्यातली महागडी जाहिरात निवडली जाते, आणि ती ऐकून तुम्ही एक बटण दाबलंत तर कॉल भलतीकडेच जातो. प्रायोजक पैसे मोजतो ते मुख्यतः या बटणासाठी.

एक कॉल, सेकंदा-सेकंदाने

फोन उचलला जातो तो यंत्राकडून. सेवेचं नाव सांगितलं जातं आणि बहुतेकदा लगेच पहिला प्रायोजक संदेश लागतो. या क्षणी यंत्राला तुमच्याबद्दल फक्त तुमचा फोन नंबर ठाऊक असतो, म्हणून हा संदेश सरसकट असतो: देशभर चालणारी विमा कंपनी, फोन कंपनी, एखादा चित्रपट.

मग प्रश्न येतो, ‘शहर आणि राज्य सांगा.’ शहर आधी विचारण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, आवाज ओळखणाऱ्या यंत्राला देशभरातली सगळी नावं एकदम चाळायला लावली तर ते हमखास चुकतं. शहर कळलं की शक्यता काही हजारांवर येतात. दुसरं, कॉल करणाऱ्याच्या नंबरवरून तो कुठे आहे हे खात्रीने कळत नाही. नोव्हेंबर २००३ पासून अमेरिकेत मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, आणि माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तरी जुना एरिया कोड, म्हणजे नंबराच्या सुरुवातीचे त्या भागाचे अंक, सोबत नेतो. शिकागोचा कोड असलेला फोन डॅलसमधून वाजू शकतो. जाहिरात शिकागोच्या प्लंबरची लावली तर वायाच.

त्यानंतर ‘व्यवसाय, सरकारी कार्यालय की घरचा नंबर?’ आणि शेवटी नाव. यंत्र प्रत्येक उत्तराला खात्रीचे गुण देतं. गुण भरपूर असतील तर पुढे जातं, मध्यम असतील तर ‘तुम्ही अमुक म्हणालात का?’ असं विचारतं, फारच कमी असतील तर पुन्हा सांगायला लावतं किंवा माणसाकडे कॉल देतं.

आता दुसरी जाहिरात. नाव ओळखलं गेलं की त्या व्यवसायाचा वर्ग कळतो: फुलवाला, पिझ्झा, टॅक्सी, दातांचा डॉक्टर. त्या वर्गात आणि त्या शहरात पैसे भरलेला जाहिरातदार असेल तर त्याचा संदेश लागतो. तुम्ही एका पिझ्झावाल्याचं नाव घेतलंत आणि कानावर त्याच्या स्पर्धकाची सवलत आली, तर यंत्राचा काही गोंधळ झालेला नसतो. ती जागा मुद्दाम विकलेली असते, आणि विकली जाणारी सगळ्यात मोलाची जागा तीच. संदेशाच्या शेवटी ‘आत्ता जोडून हवं असेल तर १ दाबा’ येतं. काहीच दाबलं नाही तर तुम्ही मागितलेला नंबर सांगितला जातो आणि बऱ्याचदा फुकट जोडूनही दिला जातो.

‘शोधतोय, थांबा’ म्हणून जाहिरात लावणं हा थोडा नाटकाचा भाग आहे. डेटाबेसमधून नंबर काढायला यंत्राला जाहिरातीइतका वेळ लागत नाही, तो बहुधा संदेश संपायच्या कितीतरी आधी हाताशी असतो. नंबर शेवटी ठेवतात तो तुम्ही जाहिरातीच्या मध्येच फोन ठेवू नये म्हणून.

पैसे कुठे जातात, कुठून येतात

१-८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री, म्हणजे कॉलचे पैसे उचलणाऱ्याने भरायचे. फुकट सेवा चालवणारा प्रत्येक मिनिटाचं भाडं स्वतः देतो. शिवाय नंबरांच्या यादीचा खर्च, आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेचा खर्च आणि गरज पडली तर ऑपरेटरचा पगार. खालचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत.

समजा कॉल ७५ सेकंदांचा आणि भाडं मिनिटाला २ सेंट, म्हणजे अडीच सेंट. यादीतल्या एका शोधाचे ३ सेंट. झाले साडेपाच. उत्पन्नात दोन जाहिराती ऐकवल्याचे प्रत्येकी ३ सेंट धरू. ५० पैकी एकाने १ दाबला आणि जाहिरातदार अशा एका कॉलला ५ डॉलर देतो असं मानलं, तर सरासरी दर कॉलला १० सेंट. एकूण १६. साडेदहा सेंट शिल्लक, धंदा चालला. आता याच कॉलमध्ये यंत्राला नाव कळलं नाही आणि माणूस मधे आला. ऑपरेटरवर सगळं धरून तासाला २० डॉलर खर्च होत असेल तर अर्ध्या मिनिटाला सुमारे १७ सेंट. शिल्लक संपून वर तोटा. म्हणून अशा सेवा तुम्हाला दोन-तीनदा नाव उच्चारायला लावतात पण माणसाकडे सहजी देत नाहीत.

जोडून देण्यातही एक खाच आहे. सेवेने दोन्ही कॉल आपल्या यंत्रातून एकत्र जोडले तर तुम्ही पलीकडच्याशी २० मिनिटं बोललात की २० मिनिटं दोन लाइनींचं भाडं चालू राहतं. त्याऐवजी कॉल टोल-फ्री नेटवर्ककडे परत सोपवून मधून बाजूला होण्याची सोय असते, पण तिचे वेगळे पैसे पडतात.

आणि सार्वजनिक फोन! अमेरिकेत पेफोनवरून टोल-फ्री नंबर फिरवला की पेफोनच्या मालकाला भरपाई द्यावी लागते. २००४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाने ही रक्कम कॉलमागे २४ वरून ४९.४ सेंट केली. आपल्या हिशेबातल्या १६ सेंटांशी ती ताडून पाहा. ज्याला मोबाइल परवडत नाही आणि ज्याला फुकट चौकशीची खरी गरज आहे, तोच गिऱ्हाईक सेवेला सगळ्यात महाग पडतो. असा कॉल ओळखणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, कारण टोल-फ्री कॉलसोबत दोन अंकी खूण येऊ शकते: ०० म्हणजे साधी लाइन, २७ किंवा ७० म्हणजे पेफोन, २९ म्हणजे तुरुंगातला फोन, ६१ ते ६३ म्हणजे मोबाइल. खूण बघून कॉल घ्यायचा की नाही हे यंत्र उचलण्याआधीच ठरवू शकतं.

मागणीनुसारही नफा बदलतो. ‘मला कुठलाही प्लंबर द्या’ हे सोनं, कारण माणूस अजून ठरवायचा आहे. ‘अमुक प्लंबर’ ही चांदी. एखाद्या व्यक्तीच्या घरचा नंबर मागितला तर विकायला जवळपास काहीच नाही. मावशीच्या नंबराऐवजी दुसऱ्याच कुणाच्या मावशीचा नंबर विकता येत नाही. त्यामुळे घरच्या नंबरांच्या चौकशीत पुन्हा सरसकट जाहिरातच वाजते.

यादी कोणाची?

नवखी कंपनी देशभरातले नंबर कुठून आणते? याचं उत्तर बरंचसं न्यायालयात ठरलं. कॅन्सस राज्यातल्या ‘रूरल’ या फोन कंपनीची यादी ‘फाइस्ट’ या निर्देशिका छापणाऱ्या प्रकाशकाने परवानगीशिवाय वापरली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नाव, गाव आणि नंबर अकारविल्हे मांडण्यात कसलीही सर्जनशीलता नाही, आणि नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने स्थानिक फोन कंपन्यांना यादीची माहिती निर्देशिका छापणाऱ्यांना आणि स्पर्धक फोन कंपन्यांना भेदभाव न करता देणं बंधनकारक केलं. छापील यादीत न देण्याची विनंती केलेले खासगी नंबर यातून वगळले जातात आणि मोबाइल नंबरांची सार्वजनिक यादी तयारच झाली नाही. म्हणून ‘नंबर उपलब्ध नाही’ हे उत्तर वर्षागणिक वाढत गेलं. अशा वेळीही जाहिरात मात्र आधी वाजून गेलेली असते, आणि लोक सगळ्यात जास्त चिडतात ते इथेच.

दहा सेकंदांचा संदेश कसा लिहावा

स्टुडिओत सुंदर वाटणारी जाहिरात फोनवर का पडते? पारंपरिक फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. खालचा घुमार आणि वरची धार दोन्ही कापली जाते. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक धूसर होतो. मागे संगीत लावलं तर मोबाइलचं नेटवर्क, जे मुळात माणसाच्या बोलण्यासाठी बनवलं आहे, त्याचा चिखल करतं. तेव्हा साधा, स्पष्ट, एकट्या माणसाचा आवाज, संगीत शून्य. आवाजाची पातळी सेवेच्या इतर सूचनांइतकीच ठेवायची. जाहिरात एकदम मोठ्याने आली की माणूस फोन कानापासून लांब धरतो आणि ‘१ दाबा’ त्याला ऐकूच येत नाही.

दहा सेकंदांत इंग्रजीचे जेमतेम २५ शब्द मावतात. त्यात नाव, काय देता, सवलत आणि कुठलं बटण, बस. जाहिरातीत फोन नंबर बोलू नये. समोरचा माणूस पेन हातात धरून एका नंबराची वाट बघतो आहे, पहिला ऐकू आलेला नंबर तो उतरवून घेणार आणि खरा नंबर आल्यावर गोंधळणार. बटण सूचना शेवटी, आणि ‘अमुक हवं असेल तर १ दाबा’ या क्रमाने. ‘१ दाबा, अमुक हवं असेल तर’ असं म्हटलं की घाईतली माणसं पहिले दोन शब्द ऐकूनच दाबून मोकळी होतात.

अशा घाईच्या कॉलचे पैसे कोणी द्यायचे, हा जाहिरातदार आणि सेवा यांच्यातला नेहमीचा तंटा. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जाहिरातीला मोजणीसाठी वेगळा नंबर देतात, जो पुढे दुकानाच्या खऱ्या फोनवर वळतो. करारात किमान कालावधी ठरवतात, उदाहरणार्थ ३० सेकंदांपेक्षा छोटा कॉल मोजायचा नाही. एकाच नंबरावरून काही दिवसांत पुन्हा आलेला कॉल एकदाच धरायचा. दुकान बंद असेल त्या वेळी जाहिरात लावायचीच नाही. यातली शेवटची अट जाहिरातदार हमखास विसरतात आणि रात्री नऊला वाजत राहिलेल्या फोनचे पैसे भरतात. दुकानदाराने फोन उचलला की फक्त त्याला ऐकू येईल असा ‘व्हिस्पर’, म्हणजे ‘हा कॉल अमुक सेवेकडून’ एवढा छोटा संदेश, लावता येतो. तो जरूर लावावा, नाहीतर समोरचा भलत्याच दुकानाच्या नावाने बोलायला लागतो आणि उचलणारा ‘रॉंग नंबर’ म्हणून ठेवून देतो.

काय काय बिघडतं

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे नाव चुकीचं ओळखलं जाणं आणि त्याला धरून चुकीच्या वर्गाची जाहिरात लागणं. नीट बांधलेल्या यंत्रणेत खात्रीचे गुण कमी असतील तर वर्गाची जाहिरात न लावता सरसकट लावतात. ढिसाळ यंत्रणा तसं करत नाही, आणि शवागाराची चौकशी करणाऱ्याला पार्टीच्या सामानाची सवलत ऐकवते. रुग्णालय, पोलीस, विषबाधा केंद्र, आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनी या नावांची एक वेगळी यादी ठेवून त्यांच्यापुढे कुठलाच संदेश लावू नये. पहिली सरसकट जाहिरात कॉल उचलताच वाजते, तिला ही गाळणी लागत नाही. अशी सेवा मी बांधणार असेन तर पहिली जाहिरात काढूनच टाकेन.

फोन स्पीकरवर असेल तर जाहिरातीचा आवाज मायक्रोफोनमधून परत जातो आणि यंत्र तो तुमचं उत्तर समजतं. म्हणून जाहिरात चालू असताना बोलून मध्ये तोडण्याची सोय बंद ठेवतात. कॉल करणाऱ्याला वाटतं, आपलं कोणी ऐकत नाही. खरंच ऐकत नसतं. बटण मात्र बहुधा चालतं.

फसवणुकीला सगळ्यात पोषक वर्ग म्हणजे घाईची गरज: कुलूपवाला, प्लंबर, गाडी ओढून नेणारा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कुलूपवाल्यांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. पत्ता स्थानिक वाटतो, कॉल मात्र लांबच्या कॉल सेंटरला जातो. फोनवर किरकोळ रक्कम सांगतात आणि दारात आलेला माणूस कुलूप ड्रिल करून कैक पट बिल हातात ठेवतो. नंबर प्रायोजित संदेशातून आला असेल तर बटण दाबण्याआधी हे डोक्यात असावं.

रेडिओ-टीव्हीवर पैसे घेऊन वाजवलेल्या मजकुराचा प्रायोजक जाहीर करणं अमेरिकेत कायद्याने सक्तीचं आहे. तो नियम प्रसारणासाठी आहे, तुम्ही स्वतः फिरवलेल्या फोनला लागत नाही. फसव्या जाहिरातीविरुद्धचा सर्वसाधारण कायदा लागतो. ‘आता एक प्रायोजित संदेश’ एवढे चार शब्द आधी म्हटले तर बराच संभ्रम टळतो.

जाहिरात नसलेली फुकट सेवा

एप्रिल २००७ मध्ये गूगलने ‘गूग-४११’ आणली. दुकानांचे नंबर फुकट, जोडणीही फुकट, हवं तर पत्ता एसएमएसने, आणि जाहिरात एकही नाही. मग पैसे कुठून? कंपनीच्या मारिसा मेयर यांनी त्याच वर्षी मुलाखतीत उघड सांगितलं की आवाज ओळखणारी यंत्रणा शिकवायला भरपूर लोकांचे भरपूर उच्चार हवे होते. लोक शहरांची आणि दुकानांची नावं उच्चारत गेले. १२ नोव्हेंबर २०१० ला सेवा बंद झाली. जाहिरात ऐकायची की आवाज द्यायचा, यात मला पहिला व्यवहार जास्त सरळ वाटतो, कारण तो कॉल संपताच संपतो.

जिंगलला २०११ मध्ये मार्चेक्सने सुमारे सव्वासहा कोटी डॉलरना विकत घेतलं. मार्चेक्सचा धंदाच जाहिरातदारांना फोन कॉल मिळवून देण्याचा. खिशात इंटरनेट आल्यावर चौकशीचे कॉल आटत गेले, आणि जानेवारी २०२३ मध्ये एटी अँड टी या बड्या फोन कंपनीनेही आपल्या डिजिटल लँडलाइन ग्राहकांसाठी ४११ बंद केलं.

अशी सेवा वापरायची असेल तर

नाव दुकानाच्या पाटीवर असेल तसं पूर्ण सांगा आणि शहरासोबत राज्यही. स्पीकर बंद. जाहिरातीनंतर काही न दाबता थांबा. १ दाबून चुकून दुसरीकडे पोचलात तर तिकडे पत्ता किंवा कार्डाचा तपशील देण्याआधी ‘हे अमुक दुकान आहे का?’ असं नाव घेऊन विचारा. मोबाइलवरून टोल-फ्री कॉल केला तरी ठरावीक मिनिटांच्या प्लॅनमध्ये मिनिटं खर्च होतात. आणि आपला नंबर लपवण्याचा कोड इथे चालत नाही: कॉलचे पैसे जो भरतो त्याला फिरवणाऱ्याचा नंबर बिलाच्या हिशेबासाठी मिळतोच.

जुन्या पानांवर सापडलेले फुकट चौकशीचे नंबर थेट फिरवू नका. सोडून दिलेला टोल-फ्री नंबर जास्तीत जास्त चार महिने विश्रांतीत ठेवतात आणि मग तो पुन्हा वाटपाला खुला होतो. ज्याची लोकांना सवय झाली आहे असा नंबर दुसरा कोणीतरी उचलतो, आणि पलीकडून काय ऐकू येईल हे त्या नव्या मालकाच्या मर्जीवर. नेमके अंक सोडा, चुकून दाबलेले अंकसुद्धा कामाला येतात: एटी अँड टी ‘१-८००-ऑपरेटर’ची जाहिरात करत होती तेव्हा प्रतिस्पर्धी एमसीआयने त्या शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगचा नंबर आपल्याकडे घेऊन ठेवला होता.